तेर्योच्या तोंडातले खिळे

आधी माझीच फजिती सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. तेर्यो मुका आहे, असं मी चांगला महिनाभर धरून चालले होते. नुसती धरून नाही, तशी वागतही होते! माझी खानावळ आणि सेल्सोचा बुटांचा कारखाना समोरासमोर, मधे एखादी तीनचाकी जेमतेम जाईल एवढी गल्ली. हा नवा कारागीर दुपारी ताटली घेऊन समोर उभा राहायचा. मी विचारायचे, "मासळी की डुकराचं?" हा म्हणायचा, "हं." पुन्हा विचारलं तरी, "हं."

मग मी सुरू केले हातवारे. मासळीसाठी हात वळवळून दाखवायचे, आणि डुकरासाठी बोटाने नाक वर करायचे. भरल्या खानावळीत गिऱ्हाइकांसमोर माझ्या वयाची बाई नाक वर करून उभी, काय शोभा दिसत असेल! वर मोठ्याने ओरडायचेही. मुका म्हणजे बहिराही असणारच, हे माझं शहाणपण. तो नाकाकडे बघून मान डोलवायचा, मग मी डुकराचं वाढायचे आणि बिचारा म्हणून वाटीभर रस्सा जास्त घालायचे.

एके दिवशी त्याने तोंड बाजूला वळवलं, हनुवटीखाली तळहात धरला आणि टपटप टपटप तोंडातून खिळे काढले. बारीक, काळे, ओले खिळे. माझा डाव हातातच राहिला. मग तो म्हणाला, अगदी स्वच्छ आवाजात, गल्लीतले सगळे मला म्हणतात तसं तिता, म्हणजे मावशी, म्हणत, "तिता चारिंग, मी बहिरा नाही. आणि रश्श्यात मीठ जास्त पडलंय. कालही पडलं होतं."

"मेल्या!" मी म्हटलं, "महिनाभर माझ्याकडून डुकराचं सोंग करून घेतलंस?"

"तुम्ही फार छान करता," तो म्हणाला. "मला मोडवेना."

त्या दिवसापासून तेर्यो माझा.

त्याचं काम असं असतं बघा. लाकडी पावलावर चामडं ओढून बसवायचं. एका हातात पक्कड, ती चामडं ताणून धरणार. दुसऱ्या हातात हातोडी. मग खिळा धरणार कोण? तोंड. मूठभर खिळे गालात भरून ठेवायचे, जिभेने एकेक पुढे ढकलायचा, डोकं बाहेर येईल असा. दोन बोटांनी ओठातून उचलायचा की ठक. पुढचा, ठक. आमच्या ह्या बुटांच्या गावात, मारिकिनात, जुने कारागीर सगळे असंच करतात. पण बाकीचे जेवताना तरी गाल रिकामा करतात. तेर्यो गालात चारदोन ठेवायचाच. रस्त्याने जाताना, चर्चमध्ये बसताना. लोक चिंगम चघळतात ना, तसं. बोयेत म्हणून त्याच्या शेजारच्या पाटावरचा कारागीर आहे, जिभेला हाड नसलेला, त्याने ह्याचं नाव पाडलं 'मुक्या'. गल्लीने तेच उचललं.

आणि तोंड बंद असलं म्हणून माणूस शांत असतो, असं कोणी सांगितलं? एवढा अस्वस्थ प्राणी मी पाहिला नाही. बसला की पाय हलतोय. उभा राहिला की बोटं वाजताहेत, माझ्या काउंटरवर, काचेवर, स्वतःच्या मांडीवर. जेवताना चमचा ताटलीवर. मी म्हणायचे, "अरे, तुला मुंग्या लागल्यात का?" तर, "हं." एका जागी त्याचं बूड टिकायचं ते फक्त कामाच्या पाटावर, आणि तिथे हातोडी चालायची, ठक-ठक, ठकाठक ठक. ती पण सरळ नाही. कधी लंगडी, कधी धावती. माझा भात त्या तालावर शिजायचा.

आता मेदीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे.

मेदी त्याची बायको. पुराचं पाणी छतापर्यंत आलं त्या वर्षी ह्यांचं घर गेलं, आणि घर पुन्हा उभं करायचं म्हणून ती हाँगकाँगला घरकामाला गेली. आमच्या गल्लीत निम्म्या घरांतून कोणी ना कोणी गेलंय. त्यात नवल नाही. घर उभं राहिलं. वर माळा काढला, म्हणजे पुन्हा पाणी आलं तर वर जाता येईल. छान रंग दिला, पडदे लावले. आणि हा त्या माळ्यावर कधी झोपला नाही. खाली बाकावर झोपायचा. मी विचारलं तर म्हणाला, "वर पाणी आलं नाही अजून."

घर झालं, मग परत यायचं ना? पण ती येईना. का? तर तिला कोणी 'ये' म्हटलं नाही म्हणून. दर रविवारी तिला सुट्टी. दुपारी जेवणाच्या वेळी फोन यायचा. हा कारखान्यात, हंगाम असला की रविवारही कामाचाच. फोन आवाज मोठा करून पाटावर टेकवून ठेवायचा, गालात खिळे. ती तिकडून, "जेवलास?" "हं." "छप्पर गळत नाही ना?" "हं." "मी इथे दोन वर्षं अजून राहू का? मालकीण विचारतेय." "हं."

मी समोरून ऐकतेय. मला वाटायचं धावत जावं आणि ह्याच्या गालात बोट घालून ते सगळे खिळे बाहेर काढावेत.

एकदा तसं म्हटलंही. तर त्याने खिळे काढले, हातात धरले, एकेक मोजले. म्हणाला, "तिता, काढल्यावरही येत नाही हो. ती तिथे मजबूत कमावते. मी 'ये' म्हटलं तर त्याचा अर्थ काय, इथे येऊन माझ्याबरोबर चामड्याचा वास घेत बस? कुठल्या तोंडाने म्हणू?" आणि पुन्हा खिळे आत. पाय सुरू.

ह्या वेळी मात्र मेदीने फोनवर सांगितलं होतं की कागद आलेत. येत्या रविवारी एजन्सीत जाऊन सही करायची. पुन्हा दोन वर्षं. "करू ना?" ती म्हणाली. त्या 'ना'मध्ये काय होतं ते मला समोरच्या खानावळीतून कळलं, गल्ली ओलांडून. आणि हा बाबा म्हणाला, "हं."

त्या आठवड्यात त्याची हातोडी नुसती पिसाटली होती. सेल्सो दोनदा ओरडला, "अरे तेर्यो, बूट करतोयस की भांडण?"

नेमकी त्याच शनिवारी आमच्या वाडीची जत्रा. आमच्या संताचा दिवस. दुपारी मिरवणूक, आणि संध्याकाळी बास्केटबॉलच्या पत्र्याखालच्या मैदानात गाणं. ह्या वर्षी पोरांनी हट्ट करून हिप हॉपवाली आणली होती. नाव काय, तर लिंतिक! आमच्यात वीज पडते तिला लिंतिक म्हणतात, आणि पायाच्या बोटाला टेबल लागलं की तोंडातून निघतं तेही लिंतिकच. मी म्हटलं, घ्या, आता शिव्या ऐकायला स्टेज बांधा. माझं मत सरळ होतं. हिप हॉप म्हणजे पँट खाली घसरलेली माणसं, घसरली म्हणून रागावलेली, आणि तो राग माईकवर काढतात.

पण जत्रा म्हणजे धंदा. मैदानाच्या दाराशी मी कोळशाची शेगडी मांडली आणि काड्यांवर मांस भाजायला बसले. तेर्यो कामावरून सरळ आला. अंगावर कामाचा सदरा, मागच्या खिशात हातोडी. म्हटलं, "आलास?" "हं." म्हणजे गाल भरलेला. माझ्या शेगडीजवळच्या बाकावर बसला आणि पाय सुरू. इतका हलवत होता की माझ्या कोळशाची राख उडाली.

"अरे, बस ना जरा!" मी म्हटलं. "उद्याचा विचार करून पाय तुटतील."

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

मग लिंतिक आली. मी कल्पना केली होती काहीतरी आणि आली काहीतरी. ठेंगणी, भरलेली, विशीतली पोर, आणि पायात? गुडघ्यापर्यंत रबरी बूट. मासळीबाजारात घालतात ते. तिने माईक घेतला आणि म्हणाली, "हे माझ्या आईचे बूट. ती नवोतासच्या बंदरावर मासळी वाहायची. तिच्या डोक्यावर पाटी आणि ओठावर गाणं असायचं. ती गेली, पाटी गेली. गाणं माझ्याकडे आहे." आणि सुरू झाली.

आईच्या डोक्यावर माशांची पाटी,
माझ्या डोक्यात शब्दांची दाटी.
तिच्या पाटीचं पाणी गळायचं मानेवर,
माझ्या पाटीचं सांडू दे आज गल्लीभर!

अगं बाई! हातातली काडी उलटायची राहिली माझी. खरपूस झाली, गिऱ्हाईक कुरकुरलं, मी म्हटलं, जा, फुकट खा. छाती आतून कोणी ठोकतंय असं वाटत होतं. मोठाले डबे होते आवाजाचे, पत्र्याचं छप्पर थरथरत होतं, आणि ती पोर रागावलेली नव्हतीच मुळी. ती सांगत होती. बर्फ कसा वितळायचा ते, आईच्या मानेवर खवले कसे चिकटायचे ते, शाळेत मुली नाक का धरायच्या ते. सगळं भराभर, यमकात, श्वास न घेता, आणि तरी प्रत्येक शब्द वेगळा. पोरं हात वर करून डोलत होती, आणि माझ्यापेक्षा म्हाताऱ्या बायकासुद्धा. मी नव्हते डोलत. बरं, थोडी डोलत होते.

तेर्यो बाकावरून उठला होता. हातोडी हातात. हातोडीचं डोकं तळहातावर हळूहळू वाजवत होता, लिंतिकच्या बरोबर, चूक न करता. माझ्याकडे वळून, खिळे सांभाळत, ओठाच्या कोपऱ्यातून म्हणाला, "तिता, ह्यावर बोलता येतं?"

"कशावर?"

"मासळीच्या पाटीवर."

"येतंय की! तुझ्यासमोर बोलतेय ती."

"मला वाटायचं, असं बोलायला काहीतरी मोठं झालेलं असावं लागतं." आणि पुन्हा तिकडे वळला.

मग ती थांबली. घाम पुसला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मी जिथे जाते तिथे एकाला वर बोलावते. गाता यायला नको. घशात काहीतरी अडकलेलं पाहिजे. ह्या वाडीत कोण आहे ज्याचं बोलायचं राहिलंय?"

काय सांगू! सगळ्या मैदानाने एकाच माणसाकडे बोट दाखवलं. बोयेत सगळ्यांत आधी. "मुक्या! मुक्याला पाठवा!" थट्टाच होती ती. पोरं हसत होती, शिट्ट्या मारत होती. तेर्यो मागे सरकला, मागे माझी शेगडी. पुढे सरकला, पुढे लोक. त्यांनी त्याला असा हातोहात पुढे ढकलला जसं पुरात खुर्ची वाहत जाते. बघता बघता हा स्टेजवर, दिव्यांखाली, हातात हातोडी, डोळे सशासारखे.

"ये कुया," लिंतिक म्हणाली, म्हणजे ये दादा. "नाव काय?"

तेर्योने तोंड उघडलं.

आणि मला एकदम आठवलं. अरे देवा, गाल भरलेला आहे!

त्याच्याही तेव्हाच लक्षात आलं असावं. पण तोपर्यंत उशीर झाला होता. खिळा पडला, माईकवर. मोठ्या डब्यांतून सगळ्या मैदानात आवाज घुमला, टिंग! मग दुसरा. टिंग. मग एकदम पाच-सहा, टिंग टिडिंग टिंग. क्षणभर कोणाला कळेचना काय होतंय. मग हशाचा असा लोंढा फुटला की छप्पर पुन्हा थरथरलं. बोयेत तर खाली बसला हसून. मी डोळ्यांवर हात घेतला. झालं, म्हटलं, आता हा पुन्हा जन्मात तोंड उघडणार नाही.

लिंतिक हसली नाही. तिने डोक्यावरची टोपी काढली, उलटी केली, आणि त्याच्या हनुवटीखाली धरली. त्याने उरलेले खिळे त्यात टाकले, निमूट, डॉक्टरसमोर पोर जीभ दाखवतं तसं. तिने टोपीत पाहिलं, मग लोकांकडे, आणि म्हणाली, "मी बावीस गावं फिरले. माझ्यासमोर खिळे ओकणारा हा पहिला. बोल कुया. आता काही अडकलेलं नाही."

 हशा ओसरत गेला. मला त्याचा पाय दिसत होता, हलत होता. मग त्याने हातोडी वर केली आणि शेजारच्या आवाजाच्या डब्यावर, लाकडावर, मारली. ठक. ठक-ठक. ठकाठक ठक. तीच, लंगडी, माझ्या भाताची. बाजाच्या यंत्रावर बसलेल्या पोराने कान टवकारले आणि त्याखाली हळूच ढोल सोडला.

आता हे कबूल करते, मी फोन वर धरला होता. भाचीने दाखवलेलं बटण दाबलं, ज्याने सगळ्या जगाला दिसतं. माझ्या ओळखीच्यांत मेदी आहे, हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. माझा अंगठा अर्ध्या चित्रावर होता हे मात्र माहीत नव्हतं.

तेर्यो बोलायला लागला. आधी हळू, मग हातोडीच्या बरोबरीने.

तोंडात खिळे, हातात हातोडी,
लोकांच्या पायांची लावतो मी जोडी.
एक पाऊल इथे, एक समुद्रापार,
अशी कुठे चालते का कुणाची जोडी?

रविवारी विचारतेस, 'जेवलास काय?'
मी म्हणतो 'हं'. आता 'हं' म्हणजे काय?
'हं' म्हणजे 'नाही'. 'हं' म्हणजे 'ये'.
'हं' म्हणजे 'घराला कधी लागतील पाय?'

लाल सँडल घालून गेलीस ना, मेदी?
मीच शिवल्या, तुझ्याच पायाच्या बेताने.
वाटलं होतं, टाका एक ठेवावा कच्चा,
वाटेत तुटावा, तू फिरावंस मागे...
पण हात हा मेला कामाला पक्का!

शेवटी यमक चुकलं त्याचं, मला तेवढं कळतं. तालही सुटला. कोणाला काही फरक पडला नाही.  माझ्या शेजारी बर्फ विकणारी कार्मिंग उभी होती, तिची मुलगी दुबईत. ती पदर नसताना पदर शोधल्यासारखी सदऱ्याने डोळे पुसत होती. मागून कोणीतरी पुरुष ओरडला, "ये म्हण ना सरळ!" आणि तेर्योने माईक दोन्ही हातांनी धरून, यमक-बिमक काही नाही, म्हटलं, "मेदी, ये."

मग जो आवाज झाला तो मी सांगू शकत नाही. लिंतिकने त्याच्या पाठीवर थाप मारली. तिने ते खिळे परत दिले नाहीत, टोपीतच ठेवून घेतले, आणि हा खाली उतरला.

रविवारी सकाळी माझं दार उघडायच्या आधी तेर्यो दारात. रात्रभर झोपला नव्हता, ते चेहऱ्यावर लिहिलेलं.

"तिता, ते पुसून टाका."

"काय?"

"फोनवर टाकलंत ते. बोयेतने दाखवलं. पुसा."

"का रे?"

"तिने पाहिलं तर?"

"अरे गाढवा, तिने पाहावं म्हणूनच बोललास ना?"

"ती तिथे नव्हती म्हणून बोललो!" तो जवळजवळ ओरडला. मग गल्लीत फेऱ्या घालायला लागला, माझ्या दारापासून कारखान्याच्या दारापर्यंत, तिथून परत. "शनिवारी तिला फोन हातात मिळत नाही. म्हणजे आत्ता उठली असेल. आत्ता बघत असेल. नाहीतर बघितलंच नसेल आणि सरळ एजन्सीत गेली असेल. नाहीतर बघितलं असेल आणि म्हणून सरळ एजन्सीत गेली असेल."

"लुगाव पी," मी म्हटलं. आल्याची गरम पेज समोर ठेवली. दोन चमचे घेतले आणि उठला.

पुसायचं कसं ते मला येत नाही, असं मी सांगितलं. येतं.

कारखान्यात गेला, पाटावर बसला. मी समोरून बघतेय. मूठभर खिळे तोंडाशी नेले, खाली ठेवले. पुन्हा नेले, पुन्हा ठेवले. शेवटी एकेक खिळा हाताने उचलून ठोकायला लागला, नवशिक्यासारखा, अंगठ्यावर हातोडी मारून घेतली. जरा वेळाने सेल्सो आला, त्याने पाटावरचा जोड उचलला, उजेडात धरला, आणि काही न बोलता माझ्याकडे वळवून दाखवला. दोन्ही डाव्या पायाचे!

आणि गल्ली? गल्लीला वेगळंच भूत लागलं होतं. कार्मिंग बर्फ विकत होती ते यमकात. पोरं भिंतीवर हात आपटत होती. दोन दिवसांनी ती ठकठक ऐकून कंटाळा आला, पण त्या दिवशी गंमत वाटत होती. सगळ्यांत नवल बोयेतचं. हळूच खानावळीत आला, कोपऱ्यात उभा राहिला, म्हणाला, "तिता, तुमचा फोन देता? दावाओला करायचाय. भावाला."

"तुझा कुठे गेला?"

"माझा नंबर बघून तो उचलत नाही." आणि फोन घेऊन मोरीजवळ जाऊन बसला. काय बोलला ते मी ऐकलं नाही. बरं, ऐकलं, पण ते त्याचं आहे.

मेदीची वेळ दुपारची. दुपार झाली. तेर्यो आपला फोन हातात धरून माझ्या बाकावर बसला. फोन वाजेना. तो उठायचा, बसायचा. गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, परत यायचा, जणू हाँगकाँग तिकडून दिसतं. मी जेवण वाढलं, त्याने ताटलीवर चमचा वाजवला, खाल्लं नाही. गिऱ्हाइकं जेवून झाली तरी उठेनात. सगळे बसून. सेल्सोसुद्धा बाहेर येऊन उभा.

"एजन्सी बंद झाली असेल आता," तेर्यो म्हणाला. "म्हणजे सही झाली."

"गप," मी म्हटलं.

"झाली तिता. मला कळतं. मी लोकांत हसं केलं तिचं, ती कशाला..."

आणि फोन वाजला. माझा! त्याचा नाही. बोयेतने मोरीजवळून आणून दिला, हात लांब करून, जळता निखारा द्यावा तसा.

पडद्यावर मेदी. मागे पुलाखाली पुठ्ठे अंथरून रविवारची सुट्टी घालवणाऱ्या तिच्या मैत्रिणी, सगळ्यांची डोकी एकावर एक, पडद्यात शिरायला बघताहेत. मेदीचं नाक लाल.

"तिता, आहे का तो तिथे?"

"आहे. आज गाल रिकामा आहे त्याचा. सावकाश घे."

मी फोन तेर्योपुढे धरला. 

"तेर्यो!" मेदी म्हणाली. "त्या सँडल लाल नव्हत्या!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"काय?" तेर्यो म्हणाला.

"तपकिरी होत्या. साध्या तपकिरी. सकाळपासून ह्या सगळ्या माझ्या डोक्यावर बसल्यात, लाल सँडल दाखव, लाल सँडल दाखव. कुठून दाखवू? अख्ख्या गावासमोर खोटं बोललास."

मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, हो म्हण आणि सोड. असल्या वेळी शहाणा नवरा हो म्हणतो. पण तेर्यो सरळ बसला.

"लाल," तो म्हणाला.

"तपकिरी!"

"चामडं मी आणलं, मी कापलं, मी शिवलं. लाल."

"घातल्या कोणी? मी! वर्षभर घातल्या, झिजल्या, टाकून दिल्या. मला ठाऊक नसणार?"

"घालताना डोळे मिटत होतीस का?"

गल्लीत हशा. पुलाखालीही हशा. मेदी चिडली. "तू ना, बोलायला लागलास आणि पहिलंच खोटं. ह्यापेक्षा 'हं' बरं होतं."

"बरं, मला सांग," तेर्यो म्हणाला. आवाज वेगळाच होता. मांडीवर बोटं वाजायला लागली होती, पण आता ती घाबरलेली नव्हती. "निघताना, विमानतळावर, तुझी आई काय म्हणाली?"

"काय म्हणाली?"

"'पोरी, एवढ्या भडक घालून कुठे निघालीस, नाचायला?' म्हणाली की नाही?"

मेदीने एकदम मैत्रिणींकडे पाहिलं.

"आणि तू काय म्हणालीस? 'आई, चिन्यांत हा रंग शुभ असतो. मालकीणबाई बघून खूश होईल.' म्हणालीस की नाही? आता तूच सांग, तुझ्या शेजारी हाँगकाँग आहे, विचारून सांग, तपकिरी रंग कुठल्या चिन्यांत शुभ असतो?"

मागच्या बायका अशा खिदळल्या, काय सांगू! एकीने मेदीच्या खांद्यावर चापट मारली. "हरलीस गं, हरलीस!"

मेदीने तोंड फिरवलं. खांदे हलत होते, हसत होती की काय कोण जाणे. मग पुन्हा समोर आली.

"हळू म्हटलं तर ऐकू येईल का रे तुला?"

"नाही," तेर्यो म्हणाला.

"लाल होत्या! बास?" नाक पुसलं तिने. "सही केली नाही मी. सकाळी एजन्सीच्या बाईला सांगितलं, नवऱ्याच्या 'हं'चा अर्थ आज लागला. हा करार संपला की सुटते, नाताळाच्या आत घरी. विमानतळावर नवा जोड घेऊन ये. जुन्या मापाने नको करू, माझे पाय पसरलेत. आणि ऐक, ह्या वेळी तपकिरी. खरोखरच्या तपकिरी."

तेर्योने मान हलवली. मला वाटलं, आता म्हणेल, हं.

"लाल," तो म्हणाला.

"तेर्यो, मी सांगतेय ना?"

"लाल, मेदी."

तिकडे पुलाखाली वारा तिचे केस तोंडावर आणत होता, तिने ते कानामागे सारले.

"बरं बाबा," ती म्हणाली. "लाल."